मिशीवाल्यासाठी भरलेला हंडा

मित्रांनो, माझ्या पोटावर ठोकलेली अक्षरं वाचता येतात का बघा. 'नानीबाई हिस मामाकडून' एवढं दिसेल. पुढची तारीख घासून घासून गेली. मी जुना झालोय, हे मी कशाला लपवू? तांब्याचा हंडा आहे मी. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात, वसराम राठोड यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या तिवईवर माझी जागा. वय विचारू नका, रंग बघा! आजही चिंच लावून घासलं की माझ्यात तोंड दिसतं. हा हंडा स्वतःची फारच वाखाणणी करतो, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी पुरती फजितीच आहे, म्हणून सुरुवातीला थोडी हौस करून घेतो.

मला हिंगोलीतल्या एका तांबटानं घडवलं. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. अंगावर जे बारीक ठोके दिसतात ते त्याच्या हातोडीचे. नानीबाईच्या लग्नात तिच्या मामानं मला दिलं आणि मी तिच्याबरोबर सासरी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर आलो. विहिरीवरून घरी येताना तिच्या डोक्यावर खाली मी आणि वर कळशी असायची. काय चाल होती हो तिची! एक थेंब सांडायचा नाही. पुढे हातपंप आला, नळ आला, त्यांनी गोरेगावात घर बांधलं. मग फिल्टरच्या पाण्याचे वीस लिटरचे जार घरी येऊ लागले आणि मला माळ्यावर उपडं घातलं. तीन वर्षं! उंदीर माझ्या पाठीवरून पळापळी करायचे. मी हिरवा पडलो होतो. मग तांब्यातलं पाणी तब्येतीला चांगलं असतं, असं कुणीतरी टीव्हीवर सांगितलं आणि मी पुन्हा खाली आलो. तेव्हापासून जारचं पाणी संध्याकाळी माझ्यात ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी प्यायचं, हा नानीबाईचा नेम. "प्लास्टिकातलं पाणी मेलेलं असतंय. हंड्यात मुरलं की जित्तं होतंय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी फुगून बसायचो.

आता वसरामांचं सांगतो. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. एकदा शाळेची सहल घेऊन ते कोकणात गेले होते. पोरं वाळूत खेळत होती आणि हे खडकावर जाऊन बसले. ओहोटीनं खडकात एक डबकं राहिलं होतं. त्यात रंगीत मासे, एक लाल झिंगा आणि काचेसारखं पाणी. गाडीची वेळ झाली तरी यांचा पाय निघेना. घरी येऊन त्यांनी नानीबाईला ते इतक्या वेळा सांगितलं की मलाही पाठ झालं. तिला ते दाखवायचंच, असं त्यांनी मनात धरलं. पण दाखवणार कसं? खुद्द ड्रायव्हरची बायको, आणि गाडीत बसली की सेनगाव यायच्या आत ओकारी! हिंगोलीच्या पुढे ती कधी गेलीच नाही. त्यात आता गुडघे धरलेले.

म्हणून रिटायर झाल्यावर वसरामांनी ठरवलं की समुद्रच घरी आणायचा.

हिंगोलीत प्रज्ञेश नावाच्या माणसाचं मासे विकायचं दुकान आहे. त्यानं आधी समजावलं. "काका, गोड्या पाण्याचे मासे घ्या. खाऱ्या पाण्याचं काम लई नाजूक असतंय. मी स्वतः इथे कुणाकडे बसवलेलं न्हाई." पण वसराम ऐकतात थोडेच? लोखंडी अँगलचं दणकट टेबल आलं. तीन फुटी काचेची टाकी आली. पांढरी रेती, भोकाभोकांचे दगड, पाणी फिरवायची मोटार, खारटपणा मोजायची काचेची नळी आणि मिठाचं भलंमोठं पोतं. घरातलं मीठ चालत नाही हं, समुद्राच्या पाण्यात जे जे असतं ते सगळं त्या मिठात घातलेलं असतं. वसराम जारच्या पाण्यात ते मीठ कालवायला बसले तेव्हा नानीबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझ्या पणज्यानं बैलाच्या पाठीवर लादून मीठ आणलं, गावोगाव विकलं. अन् तुमी ते पुन्हा पाण्यात घालून राहिलात? चांगलं हाय!"

"तू बघ तर खरं," एवढंच वसराम म्हणाले.

पण बघायला होतं काय? महिनाभर टाकीत मासाच नव्हता. प्रज्ञेशनं बजावलं होतं की पाणी आधी मुरलं पाहिजे, दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढले पाहिजेत, तेच माशांची घाण पचवतात. घाई केली तर मासे मरतात. गल्लीतले लोक यायचे, वाकून बघायचे. शेजारच्या शकुबाईनं तर तोंडावर विचारलं, "काहून हो भाऊजी, दगड पाळले काय?" नानीबाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? बैठकीत त्या काचेच्या पेटीचे लाड चालले होते आणि मला चार दिवस चिंच दिसली नव्हती. माझा जळफळाट होत होता.

मग मार्चमध्ये पाच गोगलगायी आल्या. काचेवरचं शेवाळ खात हळूहळू सरकायच्या. मग दोन नारंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. आणि सगळ्यांत शेवटी तो आला. लाल अंगाचा झिंगा, पाठीवर पांढरी रेघ आणि केवढाल्या पांढऱ्या मिशा! तो माशांच्या अंगावर चढून त्यांना साफ करायचा आणि मासेही न्हाव्यापुढे बसल्यासारखे गुमान उभे राहायचे.

एका दुपारी वसराम बाहेर गेले होते. नानीबाईनं हात स्वच्छ धुतला, इकडेतिकडे बघितलं आणि बोट पाण्यात घातलं. मिशीवाला दगडाखालून आला, तिच्या बोटावर चढला आणि तिची नखं कोरू लागला. "अगं माय! अगं माय गं!" साठीची बाई, पण लहान पोरीसारखी खिदळली. त्या दिवसापासून ती रोज त्याला भेटायला लागली. वसरामांसमोर मात्र तोंड वाकडं. इतके दिवस चिडवलं होतं, आता माघार कशी घ्यायची?

एप्रिल लागला. आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगू! टाकीवर पंखा लावला, कूलर लावला, तरी पाणी रोज बोटभर उडून जायचं. मीठ उडत नाही, म्हणून वरून साधं पाणीच घालायचं असतं. वसराम आदल्या दिवशी जारचं पाणी पांढऱ्या बादलीत काढून ठेवायचे आणि सकाळी मापानं टाकीत ओतायचे. ती बादली स्वयंपाकघरात, माझ्याच पायाशी असायची.

आणि मित्रांनो, इथेच ते घडलं. मिशीवाला उन्हानं मलूल झालाय, असं नानीबाईला वाटलं. आपण प्यायचं ते चांगलं पाणी आणि त्या मुक्या जिवाला प्लास्टिकातलं मेलेलं? तिच्या मनाला ते पटेना. संध्याकाळी ती बादलीतलं पाणी माझ्यात ओतायची आणि सकाळी वसराम उठायच्या आत पुन्हा बादलीत भरून ठेवायची. महिनाभर, रोज. गुडघे कुरकुरायचे तरी चुकली नाही. आणि मी? मला तर आकाश ठेंगणं झालं! शेवटी त्या काचेच्या समुद्राला माझंच पाणी लागलं की नाही!

मेच्या मध्यात गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. उलट्या पडायच्या आणि पुन्हा चढायच्या नाहीत. नानीबाईला वाटलं, हंडा कळकट झाला असेल. तिनं मला रोज चिंचेनं घासायला घेतलं. जितका मी चकचकीत, तितकं ते पाणी वाईट होत होतं. पण हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आठवड्यात पाचही गोगलगायी गेल्या. आणि एका सकाळी मिशीवाला रेतीवर आडवा पडलेला दिसला. मिशा पाण्याबरोबर हलत होत्या, तो हलत नव्हता.

वसरामांनी त्याला चमच्यानं बाहेर काढलं आणि बराच वेळ तळहातावर धरून बसले. माशांनीही खाणं सोडलं होतं. "माझ्या हाताला यश न्हाई," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत गाडीखाली कुत्रं येऊ दिलं न्हाई म्या. अन् घरात आणून जीव मारले." त्यांनी प्रज्ञेशला फोन लावला. "मासे घेऊन जा बाबा. निदान ते तरी जगू दे." नानीबाई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

दुपारी प्रज्ञेश आला. त्यानं छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, रंग बघितला आणि चमकला.

"काका, पाण्यात तांबं आहे."

"तांबं?"

"व्हय. माशांना थोडंफार सहन होतं, पण झिंगे, गोगलगायी, त्यांना ते विषच. पाणी उडतं आणि तांबं मागे साठत राहतं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी घातलं का कधी?"

"कधीच न्हाई! जारचं पाणी, प्लास्टिकची बादली. देवाशप्पथ."

"मग दगडात असेल, नाहीतर मिठात. कारणच सापडलं न्हाई तर सगळं फेकून द्यावं लागेल, काका. मासे मी नेतो. थांबा, गाडीवरून पिशव्या आणतो."

मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटलं असेल! जन्मभर ज्या अंगाची मी शेखी मिरवली, तेच अंग मी घोटाघोटानं त्या जिवांना पाजत होतो. मला ओरडावंसं वाटलं की टाकीचा दोष नाही, मिठाचा नाही, या भल्या माणसाच्या हाताचा तर मुळीच नाही. पण हंड्याला कुठे वाचा असते? जे काही सांगायचं ते एकाच माणसाला सांगता येणार होतं. ते माणूस स्वयंपाकघरात भिंतीला टेकून माझ्याकडे बघत उभं होतं.

ती गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. मासे गेले असते, टाकी रिकामी झाली असती आणि वसराम मरेपर्यंत स्वतःच्या हातांना दोष देत राहिले असते. पण नानीबाईनं पदर खोचला, मला दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो. तिचा गुडघा कटकन वाजला. हिंदकळत, सांडत ती मला घेऊन बैठकीत आली आणि मला वसरामांच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्या हंड्यानं केलं," ती म्हणाली. मग लगेच मान हलवली. "न्हाई. ह्यानं न्हाई, म्या केलं. तुमच्या बादलीतलं पाणी रोज ह्याच्यात मुरवलं म्या. मिशीवाल्याला चांगलं पाणी मिळावं म्हणून. तुमच्या हाताला काही झालेलं न्हाई."

आणि ती जमिनीवर बसून हमसून हमसून रडली.

आता वसराम चिडणार, असं मला वाटलं. पिशव्या घेऊन आलेला प्रज्ञेशही दारातच थांबला.

"रोज?" वसराम म्हणाले. "रोज हंडा भरला तू?"

तिनं होकारार्थी मान डोलावली.

"मला वाटलं, तुला त्या टाकीचा राग येतो." वसराम म्हणाले. "मी म्हणलं, हिला काही आवडलंच न्हाई."

"लई आवडलं हो," ती रडतच म्हणाली. "सांगायची लाज वाटली."

प्रज्ञेशनं पिशव्या खुर्चीवर टाकल्या. "काकू, कारण सापडलं म्हणजे अर्धं काम झालं. आता मासे कशाला नेऊ? अर्धं पाणी बदलू या आत्ताच. कोळशाची पिशवी सोडू, तो तांबं ओढून घेतो. पण वर्षभर तरी झिंगा आणायचा न्हाई, आधीच सांगतो."

तिघं संध्याकाळपर्यंत राबले. पाणी उपसलं, जार रिकामे केले, मीठ कालवलं, नळीनं खारटपणा मोजला. नानीबाईनं एकही तांब्या स्वतः ओतला नाही. दर वेळी विचारायची, "हे चालतंय का रे बाबा? हे भांडं चालतंय का?" पुढचे पंधरा दिवस असंच दिवसाआड थोडं थोडं पाणी बदललं. सोळाव्या दिवशी मोठ्या माशानं दाणा उचलला आणि नानीबाईनं सगळ्या गल्लीला ते सांगितलं.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. काम संपलं, प्रज्ञेश गेला, वसराम घामेघूम होऊन भिंतीला टेकून बसले. मी अजून बैठकीतच, तसाच भरलेला. नानीबाई मला उलटं करून मोरीत ओतायला निघाली. "मोडीत देऊन टाकते ह्याला," ती म्हणाली.

"काहून?" वसराम म्हणाले. "माणसाला चालतंय ना? दे मला एक तांब्या."

तिनं भरून दिला. त्यांनी तो एका दमात प्यायला आणि तांब्या पुन्हा पुढे केला.

मित्रांनो, मी अजून तिवईवर आहे आणि अजून घासला जातो. तुम्ही घरी मासा पाळा, पाखरू पाळा, नाहीतर झाड लावा. त्याच्या तोंडी काही घालण्याआधी त्याला काय चालतं ते विचारा. आपल्याला जे अमृत वाटतं ते सगळ्यांनाच मानवत नाही. हे मी सांगतोय, ज्याला जन्मभर सगळ्यांनी चांगलं म्हटलं. आणि विचारायचं राहून गेलं, हातून काही वाईट घडलं, तर ते स्वयंपाकघरात झाकून ठेवू नका. ज्याला त्याचा त्रास झाला त्याच्या पुढ्यात आणून ठेवा. जड असतं ते, मला माहीत आहे. त्या दिवशी मी गळ्यापर्यंत भरलेला होतो, आणि नानीबाईचे दोन्ही गुडघे दुखत होते.