ओब्दुलियाची शब्दांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या पाठीवर चिखलाचे डाग आहेत, कोपरे झिजले आहेत. तरी माझी कीव करू नका, मला ती खपत नाही!

ओब्दुलिया मूळची मेक्सिकोची. कॅलिफोर्नियात ती स्ट्रॉबेरी खुडायची. बावन्नाव्या वर्षी तिने मला विकत घेतले. रोज पाच इंग्रजी शब्द कानावर पडले तसे ती लिहायची आणि समोर स्पॅनिश अर्थ. तिच्या चुकाही मी सांभाळल्या. स्पॅनिशमध्ये सूपला 'सोपा' म्हणतात, म्हणून तिने दुकानात 'सोप' मागितले आणि साबण घेऊन आली. मैत्रीण चायो म्हणाली, "चल, आज साबणाला फोडणी दे!" ओब्दुलियाही पोट धरून हसली.

मुकादम फेर्मिन त्यांच्याच भाषेचा, पण मालकाचा माणूस. एकदा त्याने मला हिसकावले. "म्हातारे, फळं खुडायला इंग्रजी कशाला? तुमच्या वतीनं बोलायला मी आहे ना!" असे म्हणून त्याने मला पाण्याच्या चरात भिरकावले. ओब्दुलियाने मला काढून वाळवले. त्या दिवशी तिने पाचऐवजी दहा शब्द लिहिले.

मग एका सकाळी शेजारच्या रानात औषध फवारले. वारा आमच्याकडे होता. चायो ओकत ओकत खाली कोसळली. तिला दवाखान्यात नेल्यावर सरकारी तपासनीस बाई आल्या. त्यांना स्पॅनिश येत नव्हते, म्हणून फेर्मिन दुभाषा झाला. मळ्यातल्या बायकांनी फवारणीचे सांगितले. तो इंग्रजीत भलतेच बोलू लागला. त्यात 'सन' हा शब्द ओब्दुलियाने ओळखला. हा उन्हावर ढकलतोय!

ती पुढे सरकली. फेर्मिन दातओठ खात पुटपुटला, "उद्या काम हवंय ना?"

"हवंय. पण आधी श्वास हवाय."

मग ती इंग्रजीत म्हणाली, "नो सन! स्प्रे! पॉयझन! ही लाय!" म्हणजे ऊन नाही, फवारणी, विष, हा खोटं बोलतोय!

व्याकरण मोडके होते, आवाज मात्र मोडका नव्हता. बाईंनी फेर्मिनकडे पाठ फिरवली आणि दुसरा दुभाषा बोलावला. दुपारी बाईंच्या हुकमाने मळा बंद झाला. चायो आठवड्याने बरी झाली. ओब्दुलियाचे काम मात्र सुटले. दुसऱ्या मळ्यावर जाताना तिने मला चायोच्या हातात दिले. "लिही. चुकलीस तरी लिही."

मित्रांनो, माझ्यासारख्या वहीला कव्हर घालून कपाटात ठेवू नका. तिला मळू द्या, भरू द्या. आणि मोडकेतोडके का होईना, तुमचे म्हणणे तुम्हीच बोला!