ऊस म्हणजे पाणी नव्हे

विजयमालानं बाटलीतलं पाणी झाकणानं मोजून वाटीत ओतलं, कापसाचा बोळा त्यात बुडवला आणि नवऱ्याच्या ओठांवरून फिरवला. रविराजनं बोळा दातांत धरला तो सोडेनाच.

"सोडा की. लेकरावानी काय करताय?"

बोळा सुटला, पण त्याची नजर बाटलीवरच राहिली. बाटलीवर पेनानं मारलेली रेघ होती. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा त्यातच, आमटीही त्यातच. दोन्ही मूत्रपिंडं गेल्याला दोन वर्षं झाली होती. दर मंगळवारी नि शुक्रवारी बारामतीला नेऊन त्याचं रक्त मशीननं धुऊन आणायचं. शुक्रवार ते मंगळवार ही मधली खिंड सगळ्यात अवघड. आत गेलेलं पाणी आतच राहायचं, पायांतून वर चढत छातीपर्यंत यायचं. आज रविवार होता.

"उजनी शंभर टक्के भरली म्हनं औंदा," रविराज म्हणाला. "आन् सणसरात एक माणूस वाटीभर पान्याला महाग. पेपरात द्याय पायजे."

विजयमाला हसली. हसतानाच तिनं बाटली फळीवर उंच ठेवली.

दारात प्रयागबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुनेनं पिशवी खांद्याला लावलेली बघून त्यांनी सूप आपटलं.

"निगाली व्हय प्रार्थनेला?"

"दोनच्या गाडीनं येते, आत्या. बाराला अर्धी वाटी द्या. त्याच्या वर न्हाय. कितीबी मागू द्या."

"मेंढराला पानी दावल्याबिगर तुजा सासरा कदी भाकर खायाचा न्हाय. आन् हितं पोटचं पोर कोरडं मरतंय. तुज्या येशूला बी कुनी पानी दिलं न्हाय म्हनं. त्याचा राग माज्या लेकावर काडतो व्हय गं त्यो?"

 अकरा वर्षांच्या लेकीच्या, स्वरालीच्या केसांवरून हात फिरवून विजयमाला रस्त्याला लागली. मागून सासूचा सूर आला. मेंढरं गेली, वाडा गेला, पण प्रयागबाईंचा गळा तेवढा राहिला होता.

*उसाच्या फडात गं, बाळ माझा मोळी बांधी,*
*घामानं भिजलं अंग, पदरानं पुसू कधी.*

बारामतीत मुक्ताबाईंच्या पत्र्याच्या खोलीत दर रविवारी दहा-बारा बायका प्रार्थनेला जमायच्या. मुक्ताबाईंशी तिची ओळख झाली ती मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर. त्यांचा नवरा याच आजारानं जाऊन चार वर्षं झाली होती, तरी दर मंगळवारी त्या डबा घेऊन त्या बाकावर येऊन बसायच्या. ज्याच्यासोबत कुणी नाही, त्याच्यासोबत. विजयमालानं एकदा विचारलं होतं, "एवढी प्रार्थना केली, तरी तुमचे मालक गेलेच की." मुक्ताबाईंनी डब्याचं झाकण लावत म्हटलं होतं, "गेले. मी भांडले येशूशी. सहा महिने भांडले. तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. तेवढ्यावर मी पुन्हा उभी राहिले, बाई."

त्या रविवारी विजयमालानं डोळे मिटले आणि नेहमीचंच मागितलं. त्यांना बरं कर. बरं करणार नसशील, तर मंगळवारपर्यंत पोचव.

ती परतली तेव्हा अंगणात दादासोची पिकअप चालू उभी होती. रविराज खाटेवर उठून बसला होता आणि तोंड उघडं टाकून हवा ओढत होता. प्रत्येक श्वासाला छातीत पाणी खळखळत होतं. ओठ निळे पडले होते. दादासो थोरला दीर. भावजयीशी तो कधी सरळ बोलायचा नाही, आजही आईकडेच बघून म्हणाला, "तिला सांग, कागदं घे. चपला घे त्याच्या."

चपलांसाठी विजयमाला खाटेखाली वाकली. तिथं पोत्यानं झाकलेलं घमेलं होतं. पोतं सरकलं. घमेलं उसाच्या चोथ्यानं काठोकाठ भरलेलं होतं. वरचा चोथा पांढरा, अजून ओला. खालचा वाळून पिवळा पडलेला. एका दिवसाचा नव्हता तो. शुक्रवारी संध्याकाळपासूनचा असेल.

तिनं मान वळवली. प्रयागबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. होती ती फक्त घाबरलेल्या आईची भीती.

"पानी न्हाय दिलं गं म्या," त्या पुटपुटल्या. "बाटलीला हात लावला न्हाय. नुसता ऊस सोलून दिला. त्वांड गोड व्हावं म्हनून."

विजयमालानं पोतं परत ओढलं, चपला घेतल्या आणि उठली.

बारामतीला पोचेपर्यंत रविराजचं डोकं तिच्या मांडीवर जड होत गेलं. दवाखान्यात त्याला आत घेतलं, पडदा ओढला. दादासो नि प्रयागबाई बाकावर बसले, विजयमाला भिंतीला टेकून उभी होती. प्रार्थनेचा एक शब्द तिला सुचेना. ओठ हलत होते, पण त्यातून नुसती हवा जात होती, आत पडलेल्या माणसासारखीच. एकच चित्र डोळ्यांपुढं येत राहिलं, लाकडावर खिळलेला, तहानलेला एक माणूस, आणि खाली उभी त्याची आई.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, मास्क हनुवटीखाली ओढलेला.

"सॉरी. हृदय बंद पडलं. छातीत पाणी भरलं होतं, आणि रक्तात पोटॅशियम खूप वाढलेलं." त्यांनी तिघांकडे पाहिलं. "शुक्रवारी ठीक होते. घरी काय दिलं होतं? शहाळं? रस? ऊस?"

"ऊस?" दादासोनं विचारलं.

"ऊस म्हणजे पाणीच ना. वर पोटॅशियम. या पेशंटला विषच ते."

प्रयागबाईंच्या हातातला पदर निसटला. कोयत्यानं सोलताना उसाचा रस लागून त्यांच्या बोटांच्या भेगा काळ्या झाल्या होत्या. त्या बोटांकडे त्यांनी पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मग त्यांचं तोंड उघडलं.

"म्या..."

"मी दिला," विजयमाला म्हणाली.

आवाज तिचाच होता, तरी तिला तो लांबून आल्यासारखा वाटला. "लई तहान लागली म्हनले. मी दिला ऊस. मला ठावं नव्हतं."

दादासो तिच्याकडे वळला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलला.

"मारलास तू माज्या भावाला."

रविराजला त्याच संध्याकाळी अग्नी दिला. त्यानंतर घरात विजयमालाच्या हातचं कुणी खाईना. भावकीतल्या बायका यायच्या, प्रयागबाईंच्या गळ्यात पडून रडायच्या आणि तिच्या बाजूनं जाताना लुगडं आवरून घ्यायच्या. कुणी म्हणालं, प्रार्थनेला पळायची घाई, नवऱ्याकडं ध्यान कुठनं असणार. कुणी म्हणालं, देव बदलला की हात बी बदलतो. दादासोनं सांगून टाकलं, दहावा झाला की तिनं भिगवणला भावाकडं जायचं. पोरगी हितंच राहील. तिच्या भावाचं हायवेला मच्छीचं हॉटेल होतं. तोही फोनवर एवढंच म्हणाला, "ये. भांड्याला माणूस लागतोयच."

ती रडली ती गोठ्यात, शेळीच्या पाठीवर कपाळ टेकून. मुक्ताबाईंसारखीच भांडली. मंगळवारपर्यंत तरी पोचव म्हणाले होते, तेवढंही तुझ्याच्यानं झालं नाही. ती फार वेळ थांबली. कुणी काही बोललं नाही. आणि शेळीच्या उबेत तिला हळूहळू जाणवलं, आपण बोलायचं थांबलो तरी कुणीतरी ऐकतंच आहे.

घरात आणखी एक माणूस मरत होतं, आणि ते फक्त तिला दिसत होतं. प्रयागबाई जेवत नव्हत्या. ताटापुढं बसायच्या, घास चिवडायच्या, कुणी बघत नाही असं बघून कुत्र्याला टाकायच्या. विजयमाला पहाटे पेज करायची आणि सगळ्यांच्या आधी त्यांच्या तोंडाशी चमचा धरायची. दोन चमचे, कधी तीन. तिच्या हातचं घेणाऱ्या त्या घरात एकट्या त्याच होत्या, आणि घेताना तिच्याकडं बघत नव्हत्या. नवऱ्यासाठी दोन वर्षं तिनं पाण्याचं माप सांभाळलं होतं. आता ती सासूच्या पेजेचे चमचे मोजू लागली.

सातव्या दिवशी दुपारी प्रयागबाई घरात नव्हत्या. विजयमालाला त्या शेततळ्यावर सापडल्या, प्लॅस्टिकच्या निसरड्या काठावर, पाय आत सोडून बसलेल्या. ती धावली नाही, हाकही मारली नाही. जाऊन शेजारी बसली, आणि त्यांच्या कमरेला खोचलेला पदराचा शेव मुठीत धरून ठेवला.

"ऊन लागतंय, आत्या."

"तुला ठावं हाय."

"काय?"

"घमेलं."

"घमेलं मी धुतलं. शेण भरलंय त्यात आता."

प्रयागबाईंनी काठावरचं एक ढेकूळ पाण्यात लोटलं.

"का गं बोललीस मग तसं?" प्रयागबाईंनी विचारलं. "माज्यापायी तुजी पोर तुटतीया. मी तर तुला शिव्याच घातल्या जलमभर."

 विजयमाला शब्द शोधत बोलली.

"तुमाला त्यांची तहान बगवली न्हाय, आत्या. एवढंच केलंसा तुमी." मग थांबून, "आन् हे माज्या अंगावर पडलं तर मला धरायला कुनीतरी हाय. तुमाला कोन हाय?"

प्रयागबाईंनी तिच्याकडं पाहिलं. दुपारच्या उन्हात त्यांचे डोळे कोरडे होते. विजयमाला उठली तशा त्याही उठल्या, पदर अजून तिच्याच मुठीत होता.

दहाव्याला सगळे नीरेच्या घाटावर गेले. पिकअपच्या मागच्या बाजूला विजयमालाची पिशवी होती. घाटावरून परत फिरताना तिला भिगवणच्या रस्त्याला उतरवायचं ठरलं होतं. गुरुजींनी पिंड मांडले. सगळे मागं सरले. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. दादासो पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "रवी, स्वराली माजी पोरगी. कॉलेजपतोर शिकवीन." कावळा हलला नाही. चुलता म्हणाला, तुझ्या वाट्याची जमीन कुणी घेणार नाही. तरी नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "तिला माफी मागाय लावा. तिच्यापायीच शिवंना त्यो."

सगळे बघू लागले. विजयमालाचा कावळ्यावर विश्वास नव्हता आता, पण ती पुढं गेली. पिंडापुढं गुडघे टेकले आणि कपाळ मातीला लावलं.

"चुकले मी," ती म्हणाली. "माफ करा."

दादासोनं तोंड फिरवलं. बाभळीवर कावळे तसेच बसून राहिले. उन्हं डोक्यावर आली होती. गुरुजी दर्भाचा कावळा करायला दर्भ शोधू लागले.

तेव्हा प्रयागबाई उठल्या. कुणाचा हात न धरता त्या पायऱ्या उतरल्या आणि पिंडाशेजारी बसल्या. रविराज लहान असताना कानात तेल घालायला त्या त्याचं डोकं मांडीवर घेत, तशाच त्या वाकल्या आणि पिंडाच्या अगदी जवळ ओठ नेऊन काहीतरी सांगू लागल्या. फार वेळ सांगत होत्या. एकदा हात उघडून बोटं दाखवली. काय बोलल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. विजयमालाला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ हुंदक्यांनी हलत होती. दहा दिवसांत पहिल्यांदाच.

मग त्यांनी डोळे पुसले, उठल्या आणि झाडाकडं न बघता वर आल्या.

"दादा, हिची पिशवी काड गाडीतनं."

"आई, आगं, हिनं..."

"ऊस ह्या हातांनी सोलला," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात त्याच्यापुढं धरले.

दादासो त्या हातांकडं बघत राहिला. मागं चुलता काही विचारू लागला, तर त्यानं त्याला हातानं गप केलं. पिकअपच्या मागं जाऊन त्यानं पिशवी उतरवली, पण ती कुणाला द्यावी हे न सुचून छातीशी धरून उभा राहिला.

मागं पंखांची फडफड झाल्यासारखी वाटली. लोक तिकडं वळले. प्रयागबाई वळल्या नाहीत. त्यांनी विजयमालाच्या खांद्यावर हाताचा सगळा भार टाकला.

"विजे," त्या म्हणाल्या, "लई भूक लागलीया गं मला."