वाहिनी दोनची खूण

"म्हणजे 'झुळूक' या नावाला कुणाचीच हरकत नाही?" सल्लागारानं तिसऱ्यांदा विचारलं.

हरकत सगळ्यांचीच होती. पण जेवणाची वेळ टळून गेली होती आणि उपाशीपोटी वाद कोण घालणार! सकाळपासून नऊ माणसं त्या लांबलचक टेबलाभोवती नावांचा कीस काढत बसली होती. चाळीस वर्षं सरकारी दूरचित्रवाणीच्या तीन वाहिन्या एक, दोन आणि तीन म्हणून सुखात नांदल्या होत्या. आता एकची 'पहाट', दोनची 'झुळूक' आणि तीनची 'अंगण' व्हायची होती. चहाचे कप ठेवता ठेवता शिपाई पुटपुटला, "आमच्या वहिनीला चांगलं नाव आहे, ते कुणी घेत नाही. वाहिनीचं काय घेऊन बसलेत!"

टेबलाच्या टोकाला चौकटताई बसली होती. एरवी तिला बैठकीला कुणी बोलावत नसे. दुपारी एकच्या बातम्यांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट असायची आणि तीत एक बाई बहिऱ्या माणसांसाठी हातांच्या खुणांनी बातम्या सांगायची. ती बाई म्हणजे ही. सत्तावीस वर्षं झाली. केंद्रातल्या निम्म्या लोकांना तिचं खरं नाव ठाऊकच नव्हतं आणि उरलेले निम्मे ते विसरले होते.

"ताई, नव्या नावाची खूण काय असेल?" सल्लागार तिच्याकडे वळला. "जाहिरातीत एक हात दाखवायचाय आपल्याला. पटकन डोळ्यांत भरेल असं काहीतरी द्या."

"खूण मी देत नसते," ती म्हणाली. "ज्यांची भाषा, तेच ठरवतात."

"आत्ता दोनला काय करतात?"

"मी 'टीव्ही' करते आणि दोन बोटं दाखवते."

"बघा, किती रुक्ष!"

तिनं धीर करून विचारलं, "आणि नव्यात चौकट कुठे असेल?"

सल्लागारानं केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. केंद्रप्रमुखांनी कपात पाहिलं. नव्या पडद्यात चौकट बसत नव्हती. तिच्याऐवजी खाली अक्षरांची पट्टी धावणार होती. खुणाच हव्या असतील, तर त्या मोबाइलवर बघायच्या.

"पट्टी वाचता आली असती तर प्रश्नच नव्हता, साहेब. आमची जुनी माणसं शाळेत कुठे गेलीत? माझा भाऊ आयुष्यभर बाइंडर होता. हजारो पुस्तकं शिवली त्यानं, वाचलं एकही नाही."

केंद्रप्रमुख माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. "तुम्ही शुक्रवारी संचालक मंडळापुढे खूण दाखवा. ती झाली की लगेच मी चौकटीचा विषय काढतो. शब्द देतो."

तेवढ्या शब्दावर ती घरी आली.

रविवारी ती दादाला घेऊन बहिऱ्यांच्या मेळाव्याला गेली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तोच बाइंडर, आता तिच्याकडेच राहणारा. मेळावा एका शाळेच्या वर्गात भरायचा. बहिऱ्यांच्या सभेत शांतता असते, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा तिथे जाऊन पाहावं. ज्याला बोलायचं असेल तो बाक बडवतो, पाय आपटतो, शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालतो. चौकटताईनं हात उंच करून सगळं समजावून सांगितलं: वाहिनी दोनचं नाव बदलतंय, नव्या नावाला खूण हवी, आणि खूण नेली तर कदाचित चौकट वाचेल.

एका म्हाताऱ्या शिंप्यानं बाक बडवलं. "दोनला नाव आहे की!"

"कुठलं?"

शिंप्यानं कानामागे मूठ वळली आणि खांद्याकडे खाली ओढली. आजूबाजूच्या दहाबारा मुठी तशाच खाली आल्या.

ती हसली. "ते माझं नाव आहे."

खरंच होतं ते. खुणांच्या भाषेत माणसाचं नाव अक्षरांनी लिहीत बसत नाहीत. प्रत्येकाला त्याची अशी एक खूण असते. हिची दादानं पाडलेली. लहानपणी त्याला हाक मारता यायची नाही, म्हणून तो मागून येऊन तिची वेणी ओढायचा. वेणी कापून वीस वर्षं झाली, नाव तेवढं राहिलं.

"तुझं, तेच दोनचं," शिंपी म्हणाला. "पहिल्यापासून."

मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. 'काल तुझ्यावर मॅच पाहिली', 'तुझ्यावरचा सिनेमा फार रडका होता' असं कुणी सांगितलं की तिला वाटायचं, यांची खूण चुकली. रस्त्यात भेटलेली माणसं 'आज तुला पाहिलं' म्हणायची आणि ती मनातल्या मनात सुखावायची. त्यातली निम्मी मॅच बघत होती, हे तिला आज कळलं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस ते?" तिनं दादाला विचारलं.

"तुला माहीत नव्हतं?" दादालाच नवल वाटलं. "आम्ही टीव्ही लावतो तो तुझ्यासाठी. मग नाव दुसऱ्या कुणाचं ठेवणार?"

तिला भरून आलं. बाईनं रडण्याचं कारण काय म्हणून सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला.

शुक्रवारी संचालक मंडळापुढे तिनं मूठ वळून खांद्याकडे ओढली. सल्लागार खुर्चीतून उठलाच. "वा! पडदा उघडल्यासारखं! अर्थ काय हो याचा?"

'माझं नाव' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण तसं सांगितलं तर खूण फेटाळली जाईल आणि चौकटीचा विषय निघणारच नाही, अशी भीती वाटली.

"हाक मारणं," ती म्हणाली. ते काही खोटं नव्हतं.

टाळ्या पडल्या. केंद्रप्रमुखांनी शब्द पाळला. चौकटीचा विषय काढला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "आमची पूर्ण सहानुभूती आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

'पुढच्या बैठकीत' म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जिना उतरताना तिला स्वतःचा संताप आला. 'आधी चौकट द्या, मग खूण देते' एवढं एक वाक्य होतं. दुसऱ्यांची वाक्यं सांगण्यात जन्म गेला, स्वतःचं एक वेळेवर सुचलं नाही.

नव्या नावांचा दिवस उजाडला. सोमवारपासून तिला पत्रव्यवहार विभागात बसायचं होतं, तोवर रजा. दादा नेहमीसारखा पाऊण वाजताच टीव्हीसमोर येऊन बसला. एकच्या ठोक्याला पडद्यावर लांब केसांची एक मुलगी आली, गोड हसली, कानामागे मूठ वळून तिनं खांद्याकडे ओढली. दादा खूश. त्यानं मागे वळून बहिणीकडे बोट केलं. "तू!"

मग बातम्या सुरू झाल्या. दादानं उजवा कोपरा पाहिला. तिथे निळ्या रंगाखेरीज काही नव्हतं. खालून अक्षरं पळत होती. त्यानं उठून बाहीनं तो कोपरा पुसला, पुन्हा बसला. चौकट जाणार हे तिनं त्याला चार वेळा सांगितलं होतं, चारही वेळा त्यानं मान हलवली होती. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं.

"उद्या येशील?"

"नाही."

"परवा?"

"नाही रे दादा. आता नाहीच."

त्यानं पडद्याकडे बोट केलं. मग त्यानं विचारलं, "मग ते तुझं नाव का घेतात?"

तिनं रिमोट उचलला. त्या घरातल्या टीव्हीला आवाज कधी नसेच. दादाला तो नको होता आणि दिवसभर ऐकून तिचे कान किटलेले असत. आवाजाचं बटण तिला शोधावं लागलं. दाबलं तसा निवेदकाचा आवाज एकदम घरात शिरला, शेजारीण खिडकीतून डोकावून गेली. चौकटताई टीव्हीच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. सत्तावीस वर्षं स्टुडिओत अशीच उभ्यानं हात हलवून धरलेला खांदा ठणकत होता. तिनं हात वर केले.

दादानं तिला थांबवलं. तो आत गेला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिच्या मागे ठेवलं आणि त्यावर दोनदा थाप मारली.

"बसून सांग," तो म्हणाला. "इथे कोण बघतंय?"

ती बसली. पहिली बातमी निघून गेली होती. तिनं दुसरीपासून सुरुवात केली.