व्हिटकॉम वकिलांची पहिली निवडणूक

मोंटानातल्या त्या छोट्या गावाची १९८५ साली शताब्दी होती. गाव वसवणारे वकील एझ्रा व्हिटकॉम तीनदा विधिमंडळावर निवडून आले होते. त्यांच्या राजकीय कारकिर्दीवर बोलायचं काम ग्रंथपाल उत्तरा नाफडेकडे आलं. जुनी वर्तमानपत्रं चाळताना तिला कळलं, की चिनी मजुरांना गावातून हाकलायचं वचन देऊनच ते पहिली निवडणूक जिंकले होते. तेव्हापासून तिचं कशातच लक्ष लागेना. तव्यावरच्या पोळ्या करपायला लागल्या.

"हे कशाला सांगतेस? आपल्याला इथेच राहायचंय," नवरा चारुदत्त म्हणाला.

"म्हणूनच तर सांगायचंय," ती म्हणाली खरी, पण लिहिलेलं भाषण तिनं चारदा फाडलं.

समारंभात तिनं चिनी मजुरांबद्दलचं ते वचन वाचून दाखवलं. भाषण संपलं तरी टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या रांगेतली व्हिटकॉमांची ऐंशी वर्षांची नात काठी टेकत तिच्याकडे आली. आता ही सगळ्यांदेखत झापणार, असं उत्तराला वाटलं.

"तुला कधी कळलं?" म्हातारीनं विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी."

"मला लहानपणापासून माहीत आहे. उद्या घरी ये. आजोबांची पत्रं आहेत, तीही वाच."