दांड्याखालून

"पप्पा, त्या दिवशी तुम्ही गेट उघडलं असतं, तर महांतप्पाकाका वाचले असते का?"

समृद्धीनं प्रश्न एका दमात टाकला आणि गेटखोलीच्या उंबऱ्यातच उभी राहिली. शाळेपासून इथवर ती तो तोंडात घोळवत आली होती. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून, जगात आपल्याला विचारता येणार नाही असं काही उरलेलंच नाही, अशी तिची पक्की खात्री झाली होती.

पप्पा स्टुलावर बसून जेवत होते. आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. ढोकीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. बारा बारा तासांची ड्यूटी करून त्यांचा चेहरा असा झाला होता, की जागे असतानाही झोपेतून नुकतेच उठल्यासारखे दिसायचे.

"डॉक्टरला इचार की," ते म्हणाले. "मला काय म्हाईत?"

"कुणी शिकवलं गं हे इचारायला?" डबा घेऊन आलेली आई भिंतीला टेकून बसली होती, ती सावरून बसली.

शिकवलं कुणीच नव्हतं, पैज लागली होती. मधल्या सुट्टीत समृद्धीनं फुशारकी मारली, "मी कलेक्टरला पण प्रश्न विचारू शकते." त्यावर मोनिका म्हणाली, "कलेक्टर राहू दे. तुझ्या पप्पाला विचार, गेट का उघडलं नव्हतं म्हणून. हाय का हिंमत?" सगळ्या खिदळल्या. शिवलीला तेवढी हसली नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "राहू दे गं, कशाला." पण म्हणताना तिनं समृद्धीकडं असं बघितलं, की समृद्धीला कळलं, हा प्रश्न मोनिकाचा नाहीच. शिवलीला महांतप्पाकाकांची मुलगी होती.

गावाला माहीत होतं ते एवढंच. गेल्या गळीत हंगामात एका सकाळी आडतवाले महांतप्पा छातीत कळ येऊन पडले. धाकटा भाऊ मल्लिनाथ त्यांना जीपमध्ये घालून धाराशिवला निघाला, तर गेट बंद. येणारी रेल्वे मागं कुठंतरी सिग्नलला अडकली होती. लोक ओरडले, रडले, पाया पडले. धनाजी गेटमननं गेट उघडलं नाही. गाडी येऊन गेली, जीप पलीकडं गेली, आणि महांतप्पा वाटेतच गेले. तेव्हापासून गावातल्या पारावर धनाजीला कुणी जागा देत नसे.

"सगळे म्हणतात," समृद्धी आता मागं हटणार नव्हती, "जीव त्यांचा होता, जोखीमही तेच घेत होते. मग सरकारच्या नियमाचं मधी काय काम?"

पप्पांनी ताट बाजूला सारलं.

"हे बघ. हरणाबाई रोज गेट बंद असताना दांड्याखालनं जाती का न्हाय? म्या वरडतो. पर पदर धरून बसवतो का तिला? तिचा जीव हाय, ती घिऊन चालली. जीपचं तसं न्हाय. रुळावर बंद पडली तर? रेल्वेत बाया, लेकरं बसल्याली असत्यात. त्यांनी कुठं जोखीम घेतली हुती? त्यांना कोण इचारणार?"

"मल्लिनाथकाका तर लिहून देत होते म्हणे. काही झालं तर मी जबाबदार म्हणून."

"लिवून दिल्यावर गाडी थांबती व्हय?" पप्पा थकल्यासारखं हसले. "स्टेशनमास्तरचा फोन आला, त्यानं त्याचा खुणेचा नंबर सांगितला, म्या माझा सांगितला. एकदा नंबर दिला की झालं. त्येनी गाडी सोडली, म्या गेट लावलं. मग ती दिसू दे, न्हायतर न दिसू दे. म्या इथं उघडं ठेवलं, तर तिकडं त्येला काय कळणार?"

बोलणं पटण्यासारखं होतं आणि म्हणूनच समृद्धीला राग आला. एवढं बरोबर बोलणाऱ्या माणसानं गावात मान खाली घालून का चालावं?

"आता सगळंच सांगा की तिला!" आई एकदम बोलली. "किती दिवस पोटात ठिवणार?"

"गप बस."

"न्हाय बसत. समू, म्या तितंच हुते त्या दिवशी. तुझे पप्पा मल्लिनाथला हात जोडून म्हणले, मालक, जीप ऱ्हाऊ द्या, काकाला दांड्याखालनं न्या. म्या एका बाजूनं धरतो, तुमी एका बाजूनं धरा. पलीकडं दुधाची पिकअप उभी हुती, डायवर न्यायला तयार हुता. उचलून पल्याड न्यायला कितीसा येळ लागला असता?"

"मग?"

"मग मल्लिनाथ काय म्हणला ठाव हाय? 'आमचा दादा काय शेरडू हाय का, दांड्याखालनं वढत न्यायला? आधी गेट उघड!' बास, त्येच धरून बसला. गाडी यीस्तवर त्येच."

गावातलं लहान पोर रोज ज्या दांड्याखालून वाकून शाळेला जातं, त्याच्याखालून महांतप्पा आडतवाल्याला न्यायचं नाही म्हणून... समृद्धीनं वाक्य मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

"त्येचं डोकं ठिकाणावर नव्हतं," पप्पा हळू म्हणाले. "सख्खा भाऊ मागं कण्हत पडलेला. अशा येळी माणूस काय बी बोलतो. म्या बी दुसऱ्यांदा म्हणलो न्हाय. आन न्हेलं असतं तरी काका वाचले असते का, ते मला खरंच म्हाईत न्हाय, समू. देवाशप्पत न्हाय."

पण समृद्धीच्या डोक्यात तोवर भाषण तयार झालं होतं. सोमवारी परिपाठाला उभं राहायचं. नाहीतर सरळ पारावर. 'ज्या माणसाला तुम्ही शिव्या देता', इथून सुरुवात.

"हे सांगत का नाही तुम्ही कुणाला? तुमची काहीच चूक नाही!"

"सांगून?" पप्पा म्हणाले. "शिवलीलाची आई गिरिजाबाई कुणाच्या घरात ऱ्हाती? दिराच्याच. तिला हे कळलं, तर त्या घरात एक घास तरी उतरंल का तिच्या घशाखाली?"

"आन तुमाला गाव शिव्या देतंय, त्येचं काय?" आई म्हणाली.

"गेटमनच्या शिव्या पगारातच धरल्याल्या असत्यात."

आईला हसू आलं नाही. "समू, तू सांग. तुझी मैतरीण हाय. म्या हुते तितं, म्या साक्ष देते. बापाच्या तोंडाला काळं लागलंय, लेकीनं पुसू नये व्हय?"

समृद्धीनं पप्पांकडं बघितलं. वाटलं, आता ओरडतील. ते नुसते म्हणाले, "थोर झालीस. तुझं तू बघ."

तेवढ्यात फोन वाजला. पप्पांनी नंबर ऐकला, आपला सांगितला, लिहून घेतला, आणि बाहेर जाऊन चाक फिरवायला लागले. दोन्हीकडचे दांडे कुरकुरत खाली आले. बघता बघता उसाचा ट्रॅक्टर, दोन रिक्षा, मोटारसायकली जमल्या.

हरणाबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आलीच.

"आज्जी, थांबा, गाडी यायलीय."

"यीऊ दे की. मला वळखती ती." आणि पेंढी पुढं सरकवून म्हातारी दांड्याखालून पार.

"म्हातारीला जाऊ दे, कायदेवाले," ट्रॅक्टरवाला वरून ओरडला. "आजारी माणूस असंल तरच अडवा!"

चार जण हसले. पप्पांनी हिरवं निशाण पुढं धरलं आणि रुळाकडं तोंड करून उभे राहिले. समृद्धीच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. एक हाक मारायची, बस्स. एवढे लोक आयतेच जमलेले.

आणि तिला मल्लिनाथकाका दिसले.

ते सगळ्यांच्या मागं मोटारसायकल बंद करून, पाय टेकून बसले होते. गणिताच्या क्लासवरून आणलेली शिवलीला मागं होती. पुढची दोन पोरं गाडी तिरकी करून दांड्याखालून निघाली. एकजण म्हणाला, "मालक, चला की, अजून लई लांब हाय." काकांनी नुसती मान हलवली. ते रोज असेच थांबतात, गेट पूर्ण उघडेपर्यंत, हे समृद्धीनं पूर्वीही बघितलं होतं. तिला वाटायचं, ही पप्पांवरची खुन्नस. आज तिनं त्यांचा हात बघितला. तो मागं वळवून त्यांनी शिवलीलाच्या दप्तराचा पट्टा मुठीत धरला होता, ही उतरून खालून पळेल की काय, अशा भीतीनं. ते ना रुळाकडं बघत होते, ना पप्पांकडं.

शिवलीलानं समृद्धीला बघितलं. भुवया वर केल्या. विचारलंस?

गाडी धडधडत आली. डबे, डबे, डबे. धुळीतून मधेच शिवलीलाचा चेहरा दिसे, मधेच जाई. ती अजून बघतच होती. शेवटचा डबा गेला तसा पप्पांनी निशाण खाली घेतलं. समृद्धीनं मान हलवली. नाही.

दांडे वर गेले. सगळे एकदम निघाले. मल्लिनाथकाकांची गाडी पप्पांच्या अगदी जवळून गेली. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. शिवलीला मात्र वळून, मान दुखेपर्यंत मागं बघत राहिली.

पप्पा आत आले आणि गार झालेलं ताट पुन्हा पुढं ओढून बसले. आई काहीतरी बोलणार होती, पण समृद्धी आधीच दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली होती, स्पर्धेत उभी राहायची तशी, ताठ. आवाज मात्र तेवढा मोठा निघाला नाही.

"मी ठरवलंय. सोमवारी मी सगळ्यांना सांगणार, की पप्पांना मी विचारलंच नाही. धीरच झाला नाही म्हणून सांगणार. शिवलीलालाही तेच. आणि आई, तूही कुणाजवळ काही बोलायचं नाहीस."