विटांवर टेकलेला पाय

भरदुपारी सोसाट्याचं वावधान सुटलं आणि त्रिशला हातातलं काम टाकून छताकडे कान लावून उभी राहिली. गच्चीवरच्या सोलरच्या सांगाड्याला चार पाय होते, पण स्लॅबला बोल्टानं जखडलेले तीनच. सबंध रिसोडात हे फक्त तिच्या घराला आणि फिटरला ठाऊक होतं.

झालं होतं असं. खाली पापड वाळवायला जागा राहावी म्हणून तिच्या सासऱ्यांनी, गुलाबचंदांनी, सांगाडा चांगला उंच करवला. एवढ्या उंचीला नगरपरिषदेची परवानगी लागेल, असं फिटर म्हणाला. बसवायच्या दिवशी नेमकी चौथ्या पायाच्या जागी कबुतराची अंडी निघाली. पाणीसुद्धा गाळून पिणारं जैनाचं घर, अंडी हलवणार कोण? सासूबाईंनी हात जोडले, आणि फिटरनं तो पाय बाजूला सरकवून नुसता विटांवर टेकवला. पिल्लं उडाली की बोल्ट मारू, असं ठरलं.

त्याआधीच नगरपरिषदेचे इंजिनियर तपासणीला आले. गच्चीवर न चढता खालीच चहा प्यायले, अन् ‘चारही पाय पक्के’ असं लिहिलेल्या कागदावर गुलाबचंदांनी बिनदिक्कत सही केली. पुढे पिल्लं उडून गेली. परवानगी हाती आल्यावर बोल्टाची घाई कुणाला?

गच्चीला लागूनच शेजारच्या रत्नमालाबाईंचा पत्रा होता. त्याखाली शिवणक्लास, अकरा पोरी. वर सांगाडा करकरला तशी त्रिशला दाराकडे धावली. गुलाबचंद आडवे आले.

"बोंबलू नको. परवानगी रद्द होईन, केस होईन. थांबते वारं आता."

"बाबूजी, खाली पोरी आहेत."

सासऱ्यांपुढे तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. आता ती त्यांच्या हाताखालून निसटली आणि शेजारच्या दारात जाऊन ओरडली, "रत्नमालाताई, पोरी बाहेर काढा. सोलर पडते आता."

रत्नमालाबाईंनी पोरींना ओढतच समोरच्या ओट्यावर नेलं. त्या तिथं पोचतात न पोचतात तोच सांगाडा पत्रा फोडून शिलाई मशिनींवर कोसळला.

रत्नमालाबाईंनी पोरी मोजल्या. परत मोजल्या. मग त्रिशलाकडे वळल्या.

"वारं तं आत्ता सुटलं. हे पडन, तुले कवापासून मालूम होतं?"

त्रिशलानं मागं पाहिलं. दारातून गुलाबचंद मानेनंच नाही, नाही म्हणत होते.

"दीड महिना झाला, ताई," ती म्हणाली.