थोरल्यांची उत्तरे आणि माझा सहा आकडी कोड

मी एक जुना फोन आहे. बटणांचा. मित्रांनो, हसू नका! परवा दुपारपासून माझी ऐट काही विचारू नका. पाचचे बटण झिजून गुळगुळीत झाले आहे, पाठीचे झाकण रबरबँडने आवळले आहे, पण छाती अशी फुगली आहे की ते रबर तुटते की काय अशी भीती वाटते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझी सगळी बटणे दाबून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. तिथून आलो तो थेट शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या दोन भावांच्या दुकानात. थोरले बोलघेवडे, धाकटे अबोल. थोरले मला मान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरायचे, दोन्ही हातांनी समोरचे मशीन खोलायचे आणि तोंडाने भलत्याच गावच्या मशीनचे दुखणे सांगायचे. तेलाचे बोट लागले नाही असा माझा एक दिवस गेला नाही. काय दिवस होते ते!

याच भावांनी इंटरनेटवर, एका कंपनीच्या साइटवर, एक फोरम सुरू केला. जुन्या मशीनचे कारागीर तिथे अडचण मांडायचे आणि थोरले उत्तर लिहायचे. अशी सोळा वर्षांची उत्तरे साठली. मग थोरले गेले, पण त्यांची उत्तरे राहिली. धाकटे मालक रोज सकाळी त्यातले एखादे वाचतात आणि मगच हत्यारे काढतात. फोरमची देखरेखही आता त्यांच्याकडे आहे. त्यांच्या खात्यातून तिथले काहीही पुसता येते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे घरात चकचकीत नवा फोन आला आणि माझी रवानगी बॉबिनच्या खणात झाली. फोरमवर माझाच नंबर दिलेला होता, म्हणून कुणी अडलेला कारागीर कधीमधी फोन करायचा, तेव्हाच तो खण उघडायचा. चार्जिंग फक्त रविवारी, तेही कुणाला आठवले तर. खोटे कशाला बोलू, मी रुसलो होतो.

एके दिवशी सूनबाई दुकानात आल्या. त्या शाळेत संगणक शिकवतात. म्हणाल्या, "बाबा, आता नुसत्या पासवर्डवर भागत नाही. दुहेरी पडताळणी सुरू करू. कुणी नव्या ठिकाणाहून तुमच्या खात्यात शिरायला लागलं की एक कोड येईल. तो टाकल्याशिवाय आत जाताच येणार नाही."

"म्हणजे कुलूप आहेच, वर आतून कडी?" मालकांनी विचारले.

"अगदी तसंच! पण कोड या नव्या फोनवर नको. फोरम यातच, कोडही यातच, मग हा हरवला की सगळंच गेलं. तुमचा तो जुना कुठे आहे?"

मित्रांनो, माझे नाव निघाले! खण उघडला, मला पुसले, रोज चार्जिंगचा हुकूम सुटला. मी बिघडलोच तर म्हणून सूनबाईंनी काही राखीव कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवले. मला जरा राग आला, पण बाई शहाणी आहे.

आणि परवा दुपारी, मालक डोळ्याला भिंग लावून एक मशीन खोलत असताना मी थरथरलो. कोड! पण फोरम तर कुणीच उघडला नव्हता! तेवढ्यात फोनही आला.

"तुमचा फोरम ज्या साइटवर आहे ना, त्या कंपनीतून बोलतोय. तुमच्याकडची सगळी जुनी उत्तरं आत्ता पुसली जाणार आहेत. आलेला कोड सांगा, लगेच वाचवतो."

चोर! आणि त्याचा आवाज माझ्याच पोटातून येत होता. मालकांनी हातातले हत्यार बाजूला टाकले.

"पुसली जाणार? आमच्या दादाची? थांबा, थांबा, सांगतो!"

मी ओरडू शकत नव्हतो. जीव नुसता टांगणीला लागला होता. पण मालकांची एक सवय आहे. गिऱ्हाईक मशीनला तक्रारीची चिठ्ठी बांधून देते ना, ती ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात. अर्धी चिठ्ठी वाचून काम केलेले कुणी पाहिलेले नाही. त्यांनी मला कानापासून दूर केले, भिंग नीट बसवले, कोडचा मेसेज उघडला आणि निवांत सुरुवात केली; आकडे अगदी शेवटी होते.

"हा कोड... कुणालाही... सांगू नका. आमचे कर्मचारी... तो कधीही... विचारत नाहीत."

"अहो आजोबा, नुसते आकडे सांगा! पटकन!"

"तुम्ही कर्मचारी ना?" मालक म्हणाले. "मग विचारताय कसे?"

फोन कट! मी आनंदाने गरम झालो होतो.

मालकांनी बोलावताच सूनबाई धावत आल्या आणि त्यांनी आधी पासवर्ड बदलला. मग प्रश्न पडला, जुना पासवर्ड चोराला मिळाला कसा? त्यांनी मालकांनी फोरमवर टाकलेला शेवटचा फोटो उघडला. पुढे खोललेले मशीन, मागे भिंत, आणि भिंतीवर चष्म्याशिवाय दिसावा म्हणून ठळक अक्षरांत लिहून चिकटवलेला पासवर्ड!

"बाबा!"

"फोटो स्पष्ट यावा म्हणून मी दिवासुद्धा लावला होता गं," मालक पुटपुटले. त्यांनी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने फाडली. सूनबाईंनी तो फोटोही काढून टाकला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या खात्यांनाही अशी कडी लावा. कोड आईने मागितला तरी सांगू नका. आणि माझ्यासारखा कुणी खणात पडला असेल, तर त्याला चार्जिंगला लावा हो!

काल सकाळी मालकांनी फोरमवरचे अगदी पहिले उत्तर उघडले. थोरल्यांनी लिहिले होते, 'आधी चिठ्ठी पूर्ण वाचा. मगच मशीनला हात लावा.' मालकांनी ती ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. मग त्यांनी मला उचलले आणि मान आणि खांद्याच्या मध्ये धरले, थोरले धरायचे तसे. फोन कुणालाच लावला नव्हता.

"दादा," ते म्हणाले, "मी पूर्ण वाचली बरं का."